आंब्यावरचं बांडगूळ काढायचं कसं (नुसतं ओरबाडून नाही)

दिवाळीला गावी गेलो की पहिल्याच सकाळी बाबा बागेत घेऊन जातात आणि काही न बोलता मान वर करून बोट दाखवतात, म्हणजे काय ते समजायचं, कलमावर परत बांडगूळ आलंय. आमची रत्नागिरीजवळ थोडी हापूसची कलमं आहेत, जुनी, काही तर आजोबांच्या हातची, आणि सात-आठ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा शहरी उत्साहात कोयता घेऊन चढलो आणि दिवसभरात दिसेल ते बांडगूळ खसाखसा तोडून खाली टाकलं. संध्याकाळी खाली हा ढीग! एकदम विजयी वीर वगैरे वाटत होतं. शेजारचे तात्या आले, ढीग बघितला, वर झाडाकडे बघितलं आणि म्हणाले, "केस कापलेस काय रे त्याचे?" तेव्हा राग आला होता. पुढच्या दिवाळीला बघतो तर जिथे जिथे तोडलं होतं तिथे तिथे आधीपेक्षा दाट झुपका, एका जागी दोन फुटवे होते तिथे सहा. तात्यांचं म्हणणं तेव्हा कळलं.

तर हे सगळं त्यासाठी लिहितोय. बांडगूळ काढणं अवघड नाही, पण ते झाडाला नेमकं कुठे आणि कसं धरून बसलंय हे माहीत नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आधी थोडं त्याच्याबद्दल, मग कोयता-करवत.

आपण कुणाला बांडगूळ म्हणतो? आयतं खाणाऱ्याला, दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला. खरं सांगायचं तर ही शिवी बांडगुळावर अर्धाच अन्याय करते, म्हणजे अर्धीच खरी आहे. बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, ऊन खाऊन ते आपलं अन्न बऱ्यापैकी स्वतःच बनवतं. त्याला जमिनीत मूळ नाही एवढंच, त्यामुळे पाणी आणि त्यातले क्षार ते झाडाच्या फांदीतून ओढतं. याला अर्धपरजीवी म्हणतात. पूर्ण परजीवी बघायचा असेल तर कुंपणावरची अमरवेल बघा, पिवळी दोरी नुसती, पान नाही काही नाही, सगळं रेडिमेड. तर बांडगूळ स्वयंपाक स्वतः करतं, फक्त नळ आपल्या झाडाचा वापरतं.

आणि खरी गोची त्या नळातच आहे. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी कमी झालं की आंब्याचं झाड शहाण्यासारखं काटकसर करतं, पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतं म्हणजे पाणी उडून जात नाही. बांडगूळ असली काटकसर करत नाही, झाडाच्या मानाने त्याची छिद्रं जास्त उघडी राहतात कारण पानांतून पाणी उडत राहिलं तरच फांदीतलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. घरात पाणी एक तासच येतंय आणि पाहुणा बाथरूमचा नळ सोडून बसलाय, तसला प्रकार. त्यामुळे बांडगुळाच्या पुढचा, म्हणजे शेंड्याकडचा फांदीचा भाग आधी उपाशी पडतो, पानं बारीक होतात, मोहोर कमी, मग वाळते आणि काही वर्षांनी फांदी जणू बांडगुळापाशीच संपते, शेंड्यावर आंब्याऐवजी बांडगुळाचाच झुपका. असं दिसलं की समजायचं, इथे बरीच वर्षं कोणी लक्ष दिलेलं नाही. आणि गंमत बघा, ती फांदी पूर्ण मेली की बांडगूळही मरतं, पण त्याला घाई नसते कारण तोवर त्याच्या बिया इकडे तिकडे चिकटलेल्या असतात.

आता ओळखायचं कसं. आंबा बारमाही हिरवा, त्यामुळे हिरव्यात हिरवं लपतं. लांबून बघताना वेगळ्या रंगाचा गच्च झुपका शोधा, बांडगुळाचं पान जाड, चामड्यासारखं, जरा राखाडी हिरवं आणि टोकाला बोथट असतं, आंब्याचं पान लांब टोकदार. शंका आली तर पान चुरगाळून वास घ्या, आंब्याच्या पानाला कैरीसारखा वास येतो, याला नाही. आणि पक्की खूण म्हणजे गाठ! जिथे ते फांदीला चिकटलेलं असतं तिथे फांदी सुजलेली असते, लाकडाचा लाडू बांधल्यासारखी, कधी लिंबाएवढी, कधी चांगली नारळाएवढी.

इथे एक कळकळीची विनंती. झाडावर उगवलेलं सगळंच बांडगूळ नसतं हो. सीतेची वेणी म्हणजे ती ऑर्किड, पावसाच्या सुरुवातीला गुलाबी तुरे लटकतात ती, आणि बाशिंग म्हणजे ते जाड्या पानांचं नेचं, ही दोन्ही फांदीवर फक्त बसलेली असतात. त्यांची मुळं सालीवरच राहतात, आत घुसत नाहीत, पावसाचं पाणी आणि सालीत साचलेला पालापाचोळा यावर त्यांचं भागतं. आमच्याकडे एका वर्षी गड्याने "साफसफाई" म्हणून सीतेच्या वेण्या पण खरवडून टाकल्या होत्या, मला कळेपर्यंत उशीर झाला होता. गाठ नाही म्हणजे बांडगूळ नाही, एवढं लक्षात ठेवा. वड-पिंपळाचं रोप झाडाच्या बेचक्यात आलं असेल तर तो वेगळा विषय, ते मात्र लहान असतानाच उपटा.

आता ते वर पोचतं कसं, कारण बंदोबस्ताची अर्धी किल्ली इथे आहे. बागेत चिक चिक करत फिरणारा अंगठ्याएवढा पक्षी असतो, फुलटोच्या, जेमतेम आठ सेंटीमीटर, आपल्याकडच्या सगळ्यात छोट्या पक्ष्यांपैकी एक. बांडगुळाचं पिकलेलं फळ हा त्याचा जीव की प्राण. फळ गिळतो, गर पचवतो आणि थोड्याच वेळात बी बाहेर, पण बीभोवती इतका चिकट डिंकासारखा थर असतो की ती सुटून खाली पडत नाही, मग हा बेटा फांदीवर बूड घासतो आणि बी तिथेच चिकटते. झाली पेरणी! फुलांकडे फुलटोच्या आणि शिंजीर दोघेही येतात, तयार कळी चोचीने दाबली की फट्कन उघडते आणि पराग पक्ष्याच्या तोंडावर. म्हणजे परागीभवनही पक्षी करणार आणि बी पेरणारही पक्षी. सलीम अलींनी हे सगळं आपल्या कोकणातच बघून १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं होतं, तेव्हापासून ना पक्षी बदलला ना बांडगूळ.

बी चिकटली की तिला माती लागत नाही, ती कुठेही अंकुरते, अगदी विजेच्या तारेवर चिकटली तरी कोंब काढते, पण तिथे बिचारीला प्यायला काही नाही म्हणून वाळून जाते. फांदीवर असेल तर कोंबाचं टोक चपटं होऊन सालीला बशीसारखं चिकटतं आणि त्यातून एक पाचर आत, साल फोडून थेट लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांपर्यंत. शाळेच्या पुस्तकात चूषक मुळं म्हणून चित्र होतं बघा, तीच ही. शिवाय या आपल्या नेहमीच्या बांडगुळाची मुळं फांदीवरून बाहेरच्या बाजूनेही सरपटत जातात, आणि थोड्या थोड्या अंतरावर परत आत घुसतात. म्हणजे एक झुपका दिसतो पण टाके चार ठिकाणी घातलेले असतात.

आता कळलं ना मी पहिल्या वर्षी काय माती खाल्ली? मी पानं आणि दांडे तोडले, पाचर आतच होती, सरपटी मुळं तशीच होती. नळ चालूच, नुसती बादली बदलली.

तर काढायची पद्धत एकच, फांदी कापायची. आणि गाठीवर नाही, गाठीच्या बुंध्याकडच्या बाजूला निदान एक ते दीड फूट सोडून. तो एक-दीड फूट का तर आत गेलेली पाचर आणि बाहेरची सरपटी मुळं दोन्ही त्यात यावीत म्हणून. कापायच्या आधी फांदीवर हात फिरवून बघा, सरपटी मूळ दोरीसारखं हाताला लागतं, ते जिथे संपतं तिथून पुढे मोजायचं. मन कचरतं हे मान्य, आजोबांनी लावलेल्या कलमाची चांगली मनगटाएवढी फांदी कापायची म्हणजे बाबा तर तोंड फिरवून उभे राहतात, पण त्या फांदीचा शेंडा तसाही फारसा आंबा देणार नसतो.

कधी कापायची? मूळ नियम असा की बांडगुळाचं फळ पिकायच्या आधी. त्याला थंडीपासून पुढे फुलं येतात, नळीसारखी लांबट, केशरी-लालसर, आणि फळं उन्हाळ्याकडे पिकतात. आम्ही दोन हप्त्यांत करतो. मोठं काम दिवाळीच्या आसपास, पाऊस थांबलेला असतो, फांद्या कोरड्या, चढायला बरं आणि जखम सुकायला पण बरी. मग जानेवारी-फेब्रुवारीत एक चक्कर, तेव्हा केशरी फुलांमुळे जे आधी नजरेतून सुटलं ते बरोबर दिसतं. बारीक असेल तर तिथल्या तिथे कापतो, मोठं असेल आणि त्या फांदीच्या इतर डहाळ्यांवर चांगला मोहोर असेल तर खुणेला लाल चिंधी बांधतो, बांडगुळाची फुलं-फळं तेवढी ओरबाडतो (इथे ओरबाडणं चालतं, कारण हेतू बी होऊ न देणं एवढाच आहे) आणि आंबा उतरवल्यावर फांदी काढतो. पावसाच्या तोंडावर मात्र शक्यतो नको, एका वर्षी घाई केली, जूनमध्ये कापलं, वर काही लावलं नाही, आणि दोन वर्षांनी त्याच जागी भुसा पडायला लागला, भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागलेली. झाड वाचलं पण अर्धी बाजू गेली. बांडगूळ परवडलं असं म्हणायची वेळ.

सागाला वगैरे असेल तर सोपं, साग उन्हाळ्याकडे पानं टाकतो आणि उघड्या झाडावर हिरवा झुपका एकटाच मिरवत असतो, तेव्हा मोजून घ्या. चिकू, काजू, फणस काहीही त्याला चालतं, तीनशेहून जास्त जातीच्या झाडांवर याची नोंद आहे, आवडनिवड फार नाही.

प्रत्यक्ष कापताना कोयत्याने घाव घालत बसू नका, फांदी चिंबते आणि साल खालपर्यंत सोलून येते. करवत घ्या. आधी खालच्या बाजूने एक तृतीयांश काप, मग थोडं शेंड्याकडे सरकून वरून काप, म्हणजे फांदी स्वतःच्या वजनाने मोडली तरी साल बुंध्याकडे सोलत नाही. उरलेला खुंट मग शांतपणे, एखाद्या उपफांदीच्या जरा पुढे तिरका कापून टाकायचा, पाणी साचणार नाही असा. जड फांदी असेल तर आधी दोर बांधून वरच्या फांदीवरून खाली कुणाच्यातरी हातात द्या. आणि ओंबील! कलमावर पानं शिवून केलेली ती लाल मुंग्यांची घरटी बघून मगच हात घाला, मी एकदा अर्ध्या कापावर असताना शर्टात शिरल्या होत्या, एका हातात करवत आणि एका हाताने फांदी धरलेली, नाचायला पण जागा नाही. विजेची तार जवळून जात असेल तर स्वतः चढूच नका, लाईन बंद करून घ्या.

कापलं की त्याच दिवशी जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशी रोखणारा लेप. विकत मिळते पण घरी सोपी आहे. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. आमच्यासारख्या थोड्या कलमांना १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुष्कळ झालं. मोरचूद अर्ध्या पाण्यात आदल्या रात्री विरघळत ठेवायचं, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात अजिबात नाही, मोरचूद लोखंड खातं. दुसऱ्या बादलीत चुना थोड्या थोड्या पाण्यात विझवायचा, सांभाळून, तो खदखदून उकळतो आणि डोळ्यात उडाला तर भारी पडेल, चष्मा-हातमोजे घाला, लहान पोरांना लांब ठेवा. गार झाला की उरलेलं पाणी घालून गाळून घ्या. मग तिसऱ्या बादलीत दोन्ही एकदम ओतत काठीने ढवळायचं. छान आकाशी रंग येतो. आता स्वच्छ लोखंडी सुरी किंवा खिळा मिनिटभर त्यात बुडवा, बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडलाय, थोडी चुन्याची निवळी घाला आणि परत बघा. थर नाही आला की पेस्ट तयार. ब्रशने कापावर आणि खाली चार बोटं सालीवर जाड लावा. उरलेली पेस्ट ठेवायची नाही, दुसऱ्या दिवशी तिच्यात दम राहत नाही, आम्ही ती बुंध्यांना लावून संपवतो.

आता अडचणीचा भाग. बांडगूळ मुख्य खोडावर किंवा मांडीएवढ्या फांदीवर असेल तर? ती कापणं म्हणजे रोग्यासकट रोग संपवणं. अशा ठिकाणी बांडगूळ सालीच्या पातळीला कापून, सरपटी मुळं पटाशीने उचकटून, गाठीचा वरचा भाग तासून पेस्ट लावायची, आणि हे कायमचं नाही हे मनाशी मान्य करायचं, दरवर्षी फुटवे येणार, दरवर्षी काढायचे. पान राहू दिलं नाही तर ते हळूहळू खंगतं कारण स्वयंपाक बंद. याच तत्त्वावर काळं प्लास्टिक गुंडाळायचा उपाय आहे, तासलेल्या गाठीवर जाड काळा कागद घट्ट बांधायचा म्हणजे फुटव्याला ऊन मिळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आत पाणी साचून साल कुजते म्हणून मी ऑक्टोबर ते मे एवढंच बांधतो. एका गाठीवर दोन हंगाम केलं, फुटवे बरेच मंदावलेत, मेलंय म्हणायची माझी हिंमत नाही.

औषधांचं विचाराल तर लोक काय काय करतात, रॉकेल लावतात, डिझेल लावतात, कुणी २,४-डी या तणनाशकाचं बोळं बांधतात. मी करत नाही. तणनाशकाला बांडगुळाचं पान कुठलं आणि आंब्याचं कुठलं हे कळत नाही, आणि दोघं एकाच पाइपलाइनवर आहेत, शिवाय वाऱ्याने थेंब आंब्याच्या कोवळ्या पालवीवर गेला तर ती वेडीवाकडी वळते. थोडी झाडं असतील तर करवतच बरी. मोठी बाग असेल तर कृषी विद्यापीठाच्या माणसाला विचारून मगच काय ते करा.

एकाच झाडावर खूप असतील तर सगळं एका वर्षात काढू नका. निम्म्या फांद्या गेल्या की आतल्या सालीवर एकदम ऊन पडून ती भाजते, झाड हाय खातं. दोन-तीन वर्षांत वाटून घ्या, आणि सुरुवात वरच्या, शेंड्याकडच्या बांडगुळांपासून करा कारण खालच्या फांद्यांवर बिया तिथूनच येतात.

कापलेल्या बांडगुळाचं काय करायचं हे कितीतरी जण विचारतात, जाळायचं का वगैरे. काही गरज नाही. जमिनीवर पडलेली बी अंकुरली तरी तिला घुसायला फांदी नाही, मरते. पाला शेळ्यांना टाका, आमच्या वाडीतल्या शेळ्या तुटून पडतात. फक्त कापलेल्या फांद्या दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात अडकवून ठेवू नका, पक्षी तिथेही येतात.

आणि पक्ष्यांना हाकलायच्या भानगडीत पडू नका. जमणार नाही आणि गरजही नाही. त्यापेक्षा शेजाऱ्याशी बोला, कारण तुमची बाग स्वच्छ आणि कुंपणापलीकडचं बेवारस झाड लगडलेलं असेल तर फुलटोच्याला हद्द कळत नाही. आमच्या वाडीत आता तीन घरं मिळून एकाच आठवड्यात काम काढतो, गडीही वाटून पडतो.

एक कबुली पण देऊन टाकतो. बागेच्या वर कड्याला एक जंगली झाड आहे, त्यावरचं बांडगूळ मी मुद्दाम ठेवलंय. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू माहीत असेल, पंखाखाली पिवळंधमक आणि कडेला लाल ठिपके, ते अंडी घालतं ती बांडगुळाच्या पानाखाली, ओळीने, आणि अळ्या घोळक्याने ते पान खातात. म्हणजे आंब्याचं पाणी बांडगूळ पितं, बांडगूळ अळी खाते. त्यावरही कडी म्हणजे बांडगुळावर वाढणारं दुसरं छोटं बांडगूळही असतं, खरंच असतं, चोरावर मोर. बाबांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "फुलपाखरांच्या पेट्या कोणी घेतं का मार्केटात?" त्यांचं चुकत नाही, बागेपासून जेमतेम शंभर पावलांवर बियांचं कोठार ठेवलंय मी. म्हणून तडजोड अशी ठरलीय की त्या झाडाच्या बाजूची पहिली कलमांची ओळ दर फेब्रुवारीत मी स्वतः दुर्बिणीने तपासायची, आणि एक जरी नवीन गाठ सापडली तर कड्यावरचं झाड बाबा म्हणतील तसं.

यंदा एक सापडली, करंगळीएवढी फांदी, दोन पानांचं पिल्लू होतं. बागकामाच्या कात्रीने दीड फुटावर कापलं, बोटाने पेस्ट लावली आणि बाबांना अजून सांगितलेलं नाही.